उतावळं आल्डर कुंडीत येतं तेव्हा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांच्या डोंगराळ भागात, लाकूडतोडीसाठी काढलेला एखादा कच्चा रस्ता दोन-चार वर्षं वापराविना पडून राहिला की त्याच्यावर सगळ्यांत आधी हक्क सांगायला येतं ते आल्डर. रस्त्याकडेच्या चरात, दरड कोसळलेल्या उतारावर, नदीनं मागे सोडलेल्या गोट्यांच्या पट्ट्यात, जिथं म्हणून माती उघडी पडली तिथं त्याची रोपं दाटीवाटीनं उगवतात. डग्लस फरची लागवड करणाऱ्यांच्या लेखी हे झाड कित्येक वर्षं निव्वळ तण होतं. ते तोडलं जाई, त्याच्यावर औषध फवारलं जाई. बोन्सायवाल्यांनीही त्याला फारसं जवळ केलं नाही. पान मोठं, फांदी कधी वाळेल याचा भरवसा नाही, आणि पानगळीच्या दिवसांत आजूबाजूचे मेपल लाल-पिवळे होत असताना हे आपली पानं हिरवी असतानाच टाकून मोकळं होतं.

तरीही हिवाळा सरत आला की या रस्त्यांच्या कडेला फावडं, करवत आणि गोणपाट घेऊन काही माणसं हिंडताना दिसतात. ती याच झाडाच्या शोधात असतात. त्यांना सरळसोट, देखणं आल्डर नको असतं. मोडलेलं, वाकलेलं, चार वेळा कापलं जाऊन पुन्हा फुटलेलं हवं असतं.

आल्डर ही एकच जात नव्हे. प्रशांत महासागराच्या या किनाऱ्यावर त्यातल्या दोन महत्त्वाच्या. रेड आल्डर आग्नेय अलास्कापासून कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यापर्यंत, समुद्राच्या दमट हवेच्या पट्ट्यात वाढतं आणि तीस मीटरच्या वर जातं. सिट्का आल्डर त्याहून उंचावर, हिमकडे कोसळतात त्या उतारांवर, झुडपासारखं पसरतं. युरोपातलं काळं आल्डर पाणथळ जागेचं. त्याचं लाकूड पाण्याखाली राहिलं तर चिवटपणे टिकतं; व्हेनिस शहराच्या पायात ठोकलेल्या खांबांमध्ये ओक आणि लार्चसोबत आल्डरही आहे. आपल्याकडे हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत जे वाढतं त्याला नेपाळीभाषक उतीस म्हणतात.

तण म्हणून हिणवलं गेलेलं हे झाड तिथल्या मूळ रहिवाशांना मात्र फार कामाचं होतं. रेड आल्डरची साल सोलली की आतला फिकट भाग हवा लागताच काही मिनिटांत केशरी आणि मग तांबूस होऊ लागतो. या सालीच्या रंगात किनाऱ्यावरचे लोक टोपल्यांचं साहित्य रंगवत. मासेमारीची जाळीही रंगवत, म्हणजे ती पाण्यात माशांना चटकन दिसत नसत. सामन मासा धुरावर सुकवायला आजही आल्डरचंच लाकूड वापरतात. संगीताशीही त्याचं नातं आहे. फेंडर कंपनीनं १९५६पासून आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या अंगासाठी आल्डर वापरायला सुरुवात केली आणि पुढे रॉक संगीताचा मोठा भाग या लाकडावर वाजला.

झाडाची खरी करामत मात्र जमिनीखाली आहे. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आल्डर शेंगावर्गीय कुळातलं नाही, पण तेही हेच करतं. फरक एवढाच की त्याच्या मुळांत रायझोबियमऐवजी फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातही हेच फ्रँकिया काम करत असतात. म्हणून तर जिथं मातीत काहीच कस नाही तिथं सुरू तगतो आणि आल्डरही. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथं हिमनदी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या दगडगोट्यांवर झाडी कशी येते याचा अभ्यास विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६पासून सुरू केला. तिथं सिट्का आल्डरनं जमिनीत नत्र भरला आणि मगच स्प्रूसचं जंगल जोमानं वाढलं. १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला, डोंगराचा उत्तरेकडचा भाग ढासळून टूटल नदीच्या खोऱ्यात पसरला. त्या राडारोड्यावर आज दाट जंगल आहे, आणि त्यातलं बरंचसं रेड आल्डरचं.

हा सगळा उतावळा कारभार आहे. बी रुजल्यावर पहिल्याच वर्षी रोप मीटरभर होऊ शकतं, चांगल्या जागी पाचव्या वर्षी नऊ मीटरपर्यंत जातं. साठ-सत्तर वर्षांत झाड पिकतं आणि शंभरी क्वचितच गाठतं. बोन्साय ही याच्या अगदी उलट्या चालीची कला. आल्डरच्या बोन्सायमध्ये जी काही कसोटी आहे ती या दोन चाली जुळवण्यात आहे.

डोंगरातून कुंडीत

रानातून उकरून आणलेल्या झाडाला जपानी बोन्सायमध्ये यामादोरी म्हणतात. रोपवाटिकेतल्या झाडाला म्हातारपणाचं रूप द्यायला दशकं लागतात. वाऱ्यानं, बर्फानं, दुष्काळानं पिडलेल्या रानातल्या झाडाला ते आधीच आलेलं असतं. अमेरिकेच्या या कोपऱ्यात ही परंपरा चांगलीच रुजली आहे. ब्रेमर्टनजवळ एलॅन्डन गार्डन्स उभं करणारे डॅन रॉबिन्सन हे रानातली झाडं जमवणाऱ्या पहिल्या पिढीतले. जपानमध्ये मासाहिको किमुरा यांच्याकडे शिकून आलेले रायन नील यांनी ऑरेगनमध्ये बोन्साय मिराई सुरू केलं आणि अमेरिकन बोन्साय अमेरिकेतल्याच झाडांचं असावं हा आग्रह धरला. २०१५मध्ये पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात त्यांनी भरवलेलं आर्टिझन्स कप हे प्रदर्शन याच आग्रहातून आलं. सिएटलच्या दक्षिणेला फेडरल वे इथं १९८९पासून बोन्सायचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

या मंडळींच्या कौतुकाचा मोठा वाटा मात्र ज्युनिपर, पाइन, हेमलॉक अशा सूचिपर्णी झाडांनाच मिळाला. कड्याच्या फटीत शतकानुशतकं तग धरलेल्या ज्युनिपरपुढे रस्त्याकडेच्या पंधरा वर्षांच्या आल्डरला कोण विचारणार? पण याच कारणानं नवशिक्यासाठी आल्डर चांगलं. ते मुबलक आहे. एखादं उकरलं तर जंगलाचं काही बिघडत नाही, आणि अपयश आलं तरी तीनशे वर्षांचा जीव घेतल्याची बोच राहत नाही.

निवड मात्र डोळसपणे करावी लागते. मोकळ्या जागी वाढलेलं रेड आल्डर विजेच्या खांबासारखं सरळ असतं, त्यातून काही निघत नाही. शोधायची ती मार खाल्लेली झाडं. रस्त्याची कडा साफ करणारं यंत्र एकाच झाडाला वारंवार छाटून जातं. वरचा भाग पुन्हा पुन्हा तुटतो, खालचा बुंधा मात्र जाड होत राहतो. हरणं आणि एल्क कोवळे शेंडे खातात. ओढ्याकाठी बीव्हर खोड कुरतडून नेतात आणि उरलेल्या खुंटाला नवे धुमारे फुटतात. उंचावर सिट्का आल्डरच्या अंगावर हिवाळाभर बर्फाचं ओझं असतं, त्यानं खोडं उताराच्या दिशेनं झोपतात आणि वसंतात टोकं पुन्हा वर वळतात. अशा झाडांच्या बुंध्यापासून टोकापर्यंत जाडी झपाट्यानं उतरत जाते, आणि बोन्सायला हवी असते ती हीच उतरण.

बुंध्याभोवतीचा पाला आणि शेवाळ हातानं बाजूला करून मुळांची सुरुवात बघणं ही पहिली तपासणी. चारी बाजूंना मुळं पसरलेली असतील तर झाड घेण्याजोगं. एकाच बाजूला जाड मूळ आणि दुसरीकडे सपाट असेल तर वरचं खोड कितीही मोहक असो, पुढे चालावं.

त्याआधी परवानगीचा प्रश्न. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानातून झाड उकरायला बंदी आहे. वनखात्याच्या अखत्यारीतल्या अनेक जंगलांत रोपं काढण्यासाठी शुल्क भरून परवाना मिळतो, त्यात जागा आणि संख्या ठरलेली असते. खासगी जमिनीवर मालकाची लेखी संमती घेणं हा शहाणपणाचा मार्ग. जिथं रस्तारुंदी किंवा बांधकाम व्हायचं आहे तिथली झाडं तशीही जाणारच असतात, म्हणून अनुभवी लोक अशा जागांवर नजर ठेवून असतात.

उकरण्याची वेळ आणि रीत

आल्डर लवकर जागं होतं. पानं यायच्या आधीच, सखल भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याचे नर तुरे लांबून लोंबू लागतात आणि पराग उडतो. कळ्या फुगल्या आहेत पण फुटलेल्या नाहीत, हा उकरण्याचा मोका. पाणथळ जागेतल्या किंवा गोट्यांमधल्या झाडाची मुळं उथळ आणि तंतूंनी भरलेली असतात, त्यामुळे काम सोपं. घट्ट चिकणमातीतल्या झाडाची मुळं दूरवर जातात आणि जवळ तंतू कमी असतात. ते झाड सोडून देणंच बरं.

बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल चर खणायचा, जाड मुळं धारदार करवतीनं स्वच्छ कापायची, तंतुमुळांचा गोळा शक्य तितका शाबूत ठेवायचा. झाड ओढून उपटायचं नाही. मुळांमध्ये नारिंगी-तपकिरी रंगाच्या, पोवळ्यासारख्या फुटलेल्या गाठी दिसतात. फ्रँकियाची वस्ती ती हीच, तिच्यासकट झाड उचलायचं. खोडाचा नको तो वरचा भाग तिथंच कापून टाकायचा, पण हव्या त्या उंचीपेक्षा थोडं वर, कारण कापल्याजागी काही भाग वाळून मागे येतो. मग मुळांभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि वारा लागू न देता घरी आणायचं. उघड्या मुळांना तासभराचं ऊन पुरेसं घातक असतं.

घरी आल्यावर झाड थेट देखण्या कुंडीत जात नाही. लाकडी फळ्यांचं साधं खोकं, तळाला भोकं, आणि मातीऐवजी प्यूमिस. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडलेला, बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला हलका दगड. या भागात तो सहज मिळतो. तो चाळून धूळ काढली की पाणी धरूनही ठेवतो आणि हवाही खेळू देतो. रानातली जुनी माती एकदम धुवून काढायची नाही. ती पुढच्या दोन-तीन कुंडीबदलांत टप्प्याटप्प्यानं जाते. झाड खोक्याला तारेनं किंवा दोरीनं असं करकचून बांधायचं की खोड हलवलं तर खोकंही हललं पाहिजे. नवी मुळं केसासारखी नाजूक असतात, वाऱ्यानं बुंधा डुलला तरी ती तुटतात.

पहिल्या वर्षी काहीही करायचं नाही. खोडावर जागोजागी कोंब फुटतील, ते सगळे वाढू द्यायचे. प्रत्येक पान मुळांना अन्न पाठवत असतं. हौशी माणसाचा हात नेमका इथंच शिवशिवतो आणि बरीच झाडं याच टप्प्यावर जातात.

वरचढ शेंडा, रुसवी फांदी

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फांद्यांची निवड सुरू होते, आणि इथून आल्डरचा स्वभाव कळायला लागतो. झाडाचा सगळा जोर शेंड्याकडे. जंगलात दाटीत वाढताना सावलीत गेलेल्या खालच्या फांद्या ते स्वतःच टाकून देतं, कुंडीतही ती खोड जात नाही. त्यामुळे काम वरून करावं लागतं. शेंड्याकडचे जोमदार धुमारे सतत कमी करायचे, बाहेरची पानं विरळ करायची, म्हणजे खालच्या आणि आतल्या फांद्यांपर्यंत उजेड पोचतो. शिवाय लागतील त्याहून जास्त फांद्या ठेवायच्या. कारण सगळं नीट करूनही एखादी फांदी हिवाळ्यानंतर न फुटता वाळलेली निघते, आणि त्या जागी पर्याय हाताशी असावा लागतो.

फांदीला वळण देण्यासाठी तार बांधताना वेगळी सावधगिरी. आल्डरची कोवळी साल मऊ असते आणि फांदी इतकी भराभर जाड होते की भर हंगामात काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते. तिचे व्रण वर्षानुवर्षं जात नाहीत. म्हणून दर आठवड्याला तार पाहायची आणि रुतायला लागली की उलगडत न बसता कटरनं तुकडे करून काढायची. या वेगाचा फायदाही आहे. इतर झाडांच्या फांद्या वळण धरायला वर्षभर घेतात, आल्डरची फांदी एका हंगामात धरते.

रेड आल्डरचं पान सात ते पंधरा सेंटिमीटर लांब, कडा खालच्या बाजूला किंचित मुडपलेल्या. या मुडपलेल्या कडेवरून ते इतर आल्डरांतून ओळखता येतं. नवा धुमारा लांबला की दोन पानांवर खुडायचा, उन्हाळ्यात मोठी पानं निवडून काढायची. मग दुसऱ्या फुटीची पानं लहान येतात. तरी त्यांना मर्यादा आहे. तळहातावर मावणारं बोन्साय या झाडाचं होत नाही. साठ-नव्वद सेंटिमीटर उंचीच्या झाडाला हे पान शोभतं. काटक्यांच्या टोकाला मात्र निसर्गानंच मदत केली आहे. मादी फुलांतून तयार होणारी लाकडी, शंकूसारखी बोंडं जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरची असतात आणि पानं गळून गेल्यावरही टिकून राहतात. हिवाळ्यात लोंबते तुरे आणि ही बोंडं एकत्र दिसतात, तेव्हा पानांवाचूनही झाड भरलेलं वाटतं.

पाण्याच्या बाबतीत आल्डर हावरं. या भागातला जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडा जातो आणि जून २०२१च्या उष्णतेच्या लाटेत तर पोर्टलंडचं तापमान ४६ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं. अशा दिवसांत कुंडी पाण्याच्या उथळ परातीत ठेवावी लागते. ज्युनिपरची मुळं यानं कुजतील. आल्डर ओढ्याकाठचं असल्यानं त्याला ते मानवतं. मुळं कुंडी पटकन भरतात, त्यामुळे दर वर्षा-दोन वर्षांनी कुंडी बदलावी लागते. नत्राचं खत मात्र बेतानं घालायचं, कारण मातीत नत्र आयता मिळू लागला की मुळांवरच्या गाठी कमी होतात.

ज्युनिपरच्या बोन्सायवर पांढरं, कोरीव मेलेलं लाकूड मिरवतात. आल्डरवर तो प्रयोग फसतो, कारण त्याचं मेलेलं लाकूड उघड्यावर लवकर कुजतं. मोठी जखम असेल तर तिथं ढोली होऊ देणं हा झाडाच्या स्वभावाला धरून असलेला मार्ग. जिवंत खोडात कूज पसरू न देण्यात रेड आल्डर बऱ्यापैकी तरबेज आहे.

पांढरेपणा त्याला निराळ्या वाटेनं मिळतो. रेड आल्डरचं खोड दुरून चुनखडी फासल्यासारखं दिसतं, पण तो रंग सालीचा नसतो. मूळ साल करडी. तिच्यावर चिकटून वाढलेल्या दगडफुलांचे पांढुरके, राखाडी पापुद्रे तो रंग देतात. मसाल्यातल्या दगडफुलाचीच ही भावंडं, फक्त सालीला रंगासारखी घट्ट बसलेली. जवळून पाहिलं तर एकमेकांना भिडलेल्या नकाशांसारखे ठिपके दिसतात, मध्येच काळी रेघ, कुठे हिरवट झाक. खोड ब्रशनं घासलं किंवा हिवाळ्यात गंधक-चुन्याचं औषध मारलं की ही वस्ती मरते आणि झाडाचं निम्मं वय उतरतं. म्हणून आल्डर पाळणारे खोडाला हात लावत नाहीत, फवारणीही जपून करतात.

ज्यांना जाड बुंध्याचं झाड मिळत नाही त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. बोटाएवढ्या जाडीची दहा-पंधरा रोपं एका उथळ ताटलीत कमीजास्त अंतरावर लावली की आल्डरचं बन तयार होतं. सरळपणा इथं दोष राहत नाही, शोभा होतो.

खोनोमाची शेतं आणि आपल्या भिंती

आल्डर पुन्हा पुन्हा कापून बुंधा घडवायचा ही युक्ती भारतात शेतकऱ्यांना जुनीच ठाऊक आहे. नागालँडमधल्या खोनोमा गावातले अंगामी शेतकरी आपल्या झूम शेतांत उतीसची झाडं राखतात. शेत पिकाखाली आणायच्या वेळी ती माणसाच्या उंचीच्या आसपास छाटतात. खोड जिवंत राहतं, मुळं जमिनीत नत्र भरत राहतात, वर नव्या फांद्या येतात आणि सरपणही मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या छाटलेल्या या खोडांची डोकी गाठाळ, फुगीर झाली आहेत. सिक्कीममध्ये मोठ्या वेलचीच्या मळ्यांत सावलीसाठी हेच झाड लावतात.

सह्याद्रीत आल्डर नाही, आणि हौस म्हणून थंड प्रदेशातलं झाड पुण्या-मुंबईच्या गच्चीत आणून मारण्यात अर्थ नाही. पण रस्त्याकडेच्या नकोशा झाडातून बोन्साय घडवण्याची रीत इथंही जशीच्या तशी लागू पडते. जुन्या वाड्यांच्या भिंती, चाळींचे सज्जे, पाण्याच्या टाक्यांचे कठडे इथं पिंपळ, वड आणि उंबर दर पावसाळ्यात उगवतात. गवंडी त्यांना दर डागडुजीला छाटतात आणि ती पुन्हा फुटतात, त्यामुळे वीतभर उंचीच्या झाडाचाही बुंधा मनगटाएवढा असतो. महाराष्ट्रातले बोन्सायप्रेमी अशी झाडं पूर्वीपासून उतरवून घेत आले आहेत. राखीव जंगलातून झाड काढणं मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, तेव्हा डोंगरात फावडं घेऊन जायचा मोह टाळावा.

सोसायटीत भिंतीची डागडुजी निघणार असेल तर मालकाची परवानगी घ्या, गवंड्याला एक दिवस थांबायला सांगा, सैल झालेल्या विटांमधून मुळं जमतील तेवढी सोडवून घ्या आणि झाड जाड वाळू-विटकरीच्या खोक्यात घट्ट बांधून लावा. त्यानंतर पुढचा पावसाळा येईपर्यंत त्याला तार लावू नका, कात्रीही लावू नका.